कुंदा

काळ्या रानात कुंदा माजला म्हणजे वरवर निंदून भागत नाही, हे वऱ्हाडातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पाती उपटली तरी जमिनीखाली मूळ राहतेच, आणि पुढच्या पावसात ते पुन्हा डोके वर काढते. माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ निघाली, ती कर्करोगाची ठरली, तेव्हा वलगावात ज्याच्या त्याच्या तोंडी हाच कुंदा होता. "मास्तर, सारंच काढून टाका. ठेवून काय करता?"

(आमच्या घरात 'स्तन' हा शब्द नव्हताच. छातीतली गाठ म्हणायचे. छाती पुरुषालाही असते, म्हणून ते सोयीचे.)

लोकांचे तरी काय चुकले? अमेरिकेतला शस्त्रवैद्य हॉल्स्टेड १८८२ पासून हेच करीत आला होता. स्तन, त्याखालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळे एकदम काढायचे. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जगभरच्या बायकांनी ते सोसले. पुढे १९७३ साली मिलानला वेरोनेसी यांनी आणि १९७६ साली अमेरिकेत फिशर यांनी ते ताडून पाहिले. २००२ साली दोघांचे वीस वर्षांचे हिशेब छापले गेले. स्तन काढलेल्या आणि राखलेल्या बायका सारख्याच जगल्या होत्या. मात्र फिशर यांच्याकडे नुसती गाठ काढलेल्या शंभरांतल्या ३९ जणींना त्याच स्तनात रोग उलटला. वर किरण दिलेल्यांत १४ जणींना. म्हणजे कुंद्याची गोष्ट खोटी नव्हे, पण सारे रान खणून काढणे हा त्यावरचा एकच उपाय नव्हे.

बहीण चौथी शिकलेली. तिने हिशेब ऐकला नाही. म्हणाली, "माहं आंग हाय, भाऊ. डॉक्टर ठेवा म्हणतेत, तं तुमी काहाले काढता?"

परळच्या टाटा रुग्णालयात गाठ काढली. जखम भरल्यावर किरण सुरू झाले. अंगावर शाईच्या खुणा. त्या पुसायच्या नाहीत. हृदय डावीकडे, म्हणून यंत्राखाली श्वास रोखून धरायचा. काही मिनिटांचे काम, दुखत नाही. कातडी काळवंडते, थकवा येतो. एकदम सारा मारा का करीत नाहीत? तर निरोगी पेशी रात्रीतून आपली डागडुजी करून घेतात, रोगट पेशींना ते तितके साधत नाही. पूर्वी पाच आठवड्यांत २५ वेळा देत. इंग्लंडातल्या प्रयोगांनंतर तीन आठवड्यांत १५ वेळा पुरे ठरले. खेड्यातल्या माणसाला या दोन आठवड्यांची किंमत विचारा!

उतरलो होतो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. बाबांनी देह ठेवला तो २० डिसेंबर १९५६ रोजी, आमच्या वलगावजवळ पेढी नदीच्या काठी. तिकडे त्यांच्या नावाच्या छपराखाली आम्हाला भाकरी मिळत होती.

शेजारच्या खाटेवर परभणीकडची एक बाई होती. तिची गाठ बहिणीच्या गाठीहून लहान. डॉक्टरांनी स्तन राखता येईल म्हणून सांगितले होते. पण घरी वेचणी तोंडावर आलेली, सोबतीला थांबायला माणूस नाही. तिने सगळेच काढून घेतले. आमच्यापुढे दोन वाटा होत्या. तिला त्यांतली एक चालायला सवडच नव्हती. रोगाने नव्हे, कापसाने तिचा निकाल लावला.

पंधराव्या दिवशी बहीण बोचके बांधता बांधता म्हणाली, "तिचा नंबर घेऊन ठेवा, भाऊ. कापूस निघाला का बोलू तिच्याशी."