सुकल्यावर कुठे बसतात?

कुरळ्या केसांना दोन लांब्या असतात, एक ओली आणि एक सुकी. न्हाऊन आले की माझे केस खांद्याखाली पाठीवर रुळतात आणि वाळले की तेच आखडून मानेशी येऊन बसतात. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका पार्लरमध्ये मी "खांद्यापर्यंत ठेवा" म्हटलं. तिथल्या बाईंनी केस ओले केले, विंचरून ताठ ताणले आणि खांद्याच्या रेषेत आडवी कात्री फिरवली. वाळल्यावर केस कानाच्या पाळीला टेकले. वरून चपटे, खालून पसरलेले, सरळसरळ त्रिकोण. आरशात बघून रडू आलं होतं मला.

यामागचं कारण साधं आहे. केस भिजला की त्याच्या आतले हायड्रोजन बंध सुटतात, तो मऊ पडून लांबतो. वाळताना ते पुन्हा जुळतात आणि केस आपल्या मूळच्या वळणावर जातो. म्हणून ओल्या केसावर मोजलेली लांबी कुरळ्या डोक्यावर टिकत नाही. त्यातून सगळी टोकं एकाच रेषेत कापली, तर वरचे केस वजनाने दबतात आणि खालचे मोकळे होऊन फुलतात. कुरळे केस सुकेच कापावेत, हे लॉरेन मॅसी यांनी २००१ च्या 'कर्ली गर्ल' या पुस्तकातून जगभर पोचवलं.

मला ते समजलं प्रतापनगरातल्या एका लहानशा पार्लरमध्ये. तिथल्या ताईंनी फोनवरच सांगितलं, "केस धुऊन, पूर्ण वाळवून या जी. अन् वाळल्यावर कंगवा लावू नका." गेल्यावर त्यांनी पाण्याची बाटली हातात घेतलीच नाही. एकेक बट दोन बोटांत धरायची, हलकेच खाली ओढायची, सोडून द्यायची आणि ती कुठे जाऊन थांबते ते बघायचं. मगच बटेच्या वळणावर कात्रीचं टोक लावायचं. कानशिलावरच्या बटा घट्ट वळणाच्या निघाल्या, मानेवरच्या सैल. एकाच डोक्यावर दोन स्वभाव! त्यामुळे कानशिलावरच्या बटा त्यांनी मुद्दाम लांब सोडल्या. असं लक्ष माझ्या केसांकडे तोवर कुणी दिलं नव्हतं. घरात लहानपणापासून ऐकलेलं ते "झिपऱ्या आवर आधी". आजी तेल चोपडून अशी करकचून वेणी घालायची की डोळे ताणले जायचे. तिची माया खरी होती, पण केसाचं वळण तिला मोडायचंच असायचं.

लांबी ठरली ती गळ्याच्या हाडाखाली दोन बोटं, सुक्या केसाची. माझा चेहरा गोल, मान आखूड. हनुवटीशी केस थांबले तर फुगवटा नेमका गालांवर येतो. बरोबर खांद्यावर थांबले तर टोकं खांद्याला अडून बाहेर वळतात. कमरेपर्यंत वाढवले तर वजनाने वळण सैल पडतं, टाळूशी केस चपटे होतात. हाडाखालच्या लांबीत चेहरा उभट दिसतो आणि वर थर कापल्यामुळे डोक्यालाही उठाव येतो.

नागपुरात मात्र लांबी नुसत्या चेहऱ्यावर ठरवून भागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, दुपारी स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. मानेशी रबरात मावतील एवढे केस हवेतच, नाहीतर घामाने बटा गळ्याला चिकटतात. जुलैत हवा दमट झाली की तेच केस आणखी वर चढतात आणि भुरभुरतात. म्हणून मी लांबी जुलैची धरते, मेची नाही. उन्हाळ्यात रात्रभर कूलरची ओली हवा लागते, तेव्हाही सकाळी पावसाळ्यासारखेच फुगलेले केस हाती येतात.

त्यावर आमच्या विदर्भातलंच औषध आहे, जवस. इतवारीतून चटणीसाठी आणलेल्या जवसातले दोन चमचे दीड-दोन कप पाण्यात उकळायचे. पाणी चमच्यावरून तार धरून पडायला लागलं की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच जुन्या मलमलीतून गाळायचं. गार झालं की ते फडक्यातून हलत नाही. हा चीक ओल्या केसांना लावून बटा मुठीत दाबल्या की वळण बांधलेलं राहतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो.

माझ्या भाचीचे केस माझ्यासारखेच. दहावीची परीक्षा संपल्यावर तिला मी त्याच ताईंकडे नेलं. तिने हनुवटीवर बोट ठेवून "इथपर्यंत" म्हटलं, तेव्हा मी अडवणार होते. पण तिचा चेहरा लांबट, गाल बसलेले. ताई म्हणाल्या, "हिले शोभते जी. बाजूनं भरल्यावानी दिसन." तरी त्यांनी हनुवटीच्या खाली दोन बोटं राखूनच कापलं आणि पाऊस लागला की पुन्हा यायला सांगितलं. उरलेलं तेव्हा बघून कापू म्हणाल्या.