मालमोटारीची नाडीपरीक्षा

वैद्याकडे गेलेल्या रोग्यास आपले दुखणे निदान सांगता येते. यंत्राचे तसे नाही; ते नुसते थांबते. आणि ते थांबले की आपण सुशिक्षित माणसे त्याच्या सर्वांत महाग अवयवाचे नाव घेऊन मोकळे होतो. भिंतीवरचे घड्याळ अडखळले तर कमान तुटली असेल असे म्हणणारे पुष्कळ. ते किंचित तिरपे टांगले गेले आहे काय, हे पाहणारा एखादाच. या स्वभावाचा एक ठळक नमुना आम्हांस सन २०२४ च्या उन्हाळ्यात पाहावयास मिळाला. निमित्त होते एका जुन्या लष्करी मालमोटारीचे.

ही मालमोटार ‘शक्तिमान’ जातीची. छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) छावणीच्या आसपास ज्या वाचकांचे बालपण गेले असेल, त्यांना तिचे गोलसर नाक आणि हिरवी ताडपत्री आठवत असेलच. जर्मनीतील ‘मान’ कंपनीच्या परवान्याने जबलपूरच्या सरकारी कारखान्यात १९५९ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या आणि १९९६ पर्यंत होत राहिल्या. नावातील ‘मान’ त्या कंपनीचा. शक्ती तेवढी आपण जोडली. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गच्या ज्या कारखान्यात प्रथम यशस्वी झाले, त्याचीच ही कंपनी वारस. म्हणजे गाडीचे कूळ चांगले. लष्कराने निवृत्त केलेल्या या गाड्या लिलावात विकल्या जातात आणि मग कोणाची क्रेन होते, कोणाच्या पाठीवर पाण्याची टाकी चढते.

आमचे मेहुणे, ज्यांना घरात सारेच दाजी म्हणतात, यांच्या गाडीवर चार हजार लिटरांची टाकी आहे. पाचोडच्या बाजूस त्यांची चार एकर मोसंबी. झाडे साडेपाचशेच्या आसपास. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला होता आणि एप्रिलातच विहिरीने तळ दाखविला. विकतचे पाणी वीस किलोमीटरांवरून आणावयाचे, दर झाडास तीस लिटर द्यावयाचे, म्हणजे एका पाळीस चार खेपा. रोज एक खेप धरली तर पाचव्या दिवशी पहिल्या झाडाची पाळी पुन्हा येते. यात एक दिवस चुकला तर चालेल, चार चुकले तर चालणार नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात याच भागात लोकांनी वाळलेल्या बागा कुऱ्हाडीने तोडल्या, ते दाजींनी डोळ्यांनी पाहिले होते. नवे झाड लावले तर फळास चार-पाच वर्षे लागतात, आणि दाजींचे वय आता साठीपलीकडचे.

अशा वेळी गाडीने असहकार पुकारला. सकाळी ती मुकाट्याने सुरू होई, पाच-सात मिनिटे सुरळीत चाले. मग चढावर भरल्या टाकीनिशी इंजिन लाटा घेऊ लागे आणि बंद पडे. क्लीनरने खाली उतरून फीड पंपाची मूठ वीस-पंचवीस वेळा दाबावी, फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा, तेथून फेस बाहेर पडावा आणि गाडी पुन्हा पाच मिनिटे चालावी, असा क्रम. शहरातील एका दुकानी निकाल मिळाला, की मुख्य पंप झिजला. तो उतरवून दुरुस्त करावयास आठ दिवस लागतील. खर्चाचा आकडा आम्ही येथे देत नाही. दाजी पैसे मोजावयास तयारही झाले होते. आठ दिवस मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

शेवटी एका वृद्ध उस्तादांना गाठले. लष्करी गाड्यांखाली उभा जन्म गेलेला हा मनुष्य. त्यांनी फिल्टरमधून निघालेला फेस पाहिला आणि म्हणाले, “पाटील, गाडी एअर लेरी. पंपकू हात नक्को लगाव.”

याचा अर्थ थोडा उलगडून सांगावयास हवा. डिझेल इंजिनास ठिणगी नसते. दाबलेल्या तप्त हवेत तेलाचा फवारा उडतो आणि तो आपोआप पेटतो. हा फवारा उडविण्यासाठी पंपातील दांडा वायुमंडलाच्या शंभराहून अधिक पट दाब उत्पन्न करतो. दांडा आणि त्याची नळी यांतील अंतर केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. तेल दाबले जात नाही, म्हणून तो दाब थेट नोझलच्या सुईपर्यंत पोहोचतो व सुई उचलली जाते. पण वाटेत हवेचा एक बुडबुडा आला की तो स्पंजासारखा दबतो आणि सुई जागची हलत नाही. हवा आधी फिल्टरच्या माथ्याशी साठते, म्हणून गाडी पाच मिनिटे चालते. चढावर तेलाची ओढ वाढते, म्हणून ती तेथे थांबते.

हवा शिरते कोठून, हे शोधणे मात्र कठीण. आमच्या शहरातील पाणचक्कीकडे डोंगरातून मातीच्या बंद नळांनी पाणी आणले होते. असा दाबाचा नळ फुटला तर जमीन ओली होते आणि दोष आपण होऊन बोलतो. येथे प्रकार उलटा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी तेल ओढून घेणारी; तिला भेग पडली तर बाहेर थेंबही येत नाही, आत हवा मात्र जाते. गाडीखालची जमीन कोरडी, म्हणून सर्वांची नजर पंपाकडे.

उस्तादांनी आरंभ टाकीच्या झाकणापासून केला. झाकणाचे भोक बुजले तर टाकीत पोकळी होऊन तेल येईनासे होते. ते सैल करून पाहिले, फरक नाही. मग रात्रभर गाडी उभी ठेवून पहाटे टाकीच्या तळाचा बोल्ट काढला आणि बाटलीत तेल धरले. खाली दोन बोटे पाणी, आणि पाणी व तेल यांच्या मध्ये तपकिरी शेवाळासारखा थर. अर्धवट रिकाम्या टाकीस रात्री घाम येतो, आणि तेलाखाली साचलेल्या त्या पाण्याच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात, हे आम्हांस नवीन होते. टाकी धुतली, आतली जाळी साफ केली, फिल्टर बदलला. गाडी आता पाचाऐवजी वीस मिनिटे चालू लागली! क्लीनरने नारळ आणण्याची भाषा केली. पण वीस मिनिटांनी ती थांबलीच. रोग दोन होते, आणि पहिला बरा झाल्याने दुसरा झाकला जाण्याचा संभव होता.

यानंतरची परीक्षा आम्हांस सर्वांत मार्मिक वाटली. उस्तादांनी डिझेलचा एक डबा गाडीच्या पायरीवर, मूळ टाकीच्याच उंचीवर, बांधला आणि त्यातून नवी नळी थेट फीड पंपास जोडली. डबा वर का टांगत नाही, असे दाजींनी विचारले. “वरून तेल आपोआप उतरेल, मग पंपाला ओढावे कोठे लागणार?” असे उत्तर त्यांनी आपल्या बोलीत दिले. पाण्याची टाकी भरून गाडी त्याच चढावर नेली. ती तासभर न कुरकुरता चालली. मुख्य पंप, नोझल, फीड पंप, सारे एकदम निर्दोष सुटले. दोष उरला तो टाकी आणि फीड पंप यांमधील जेमतेम दोन हात वाटेत.

मूळ नळी परत जोडून त्यांनी तीत पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा घातला. इंजिन सुरू करताच त्यातून मोत्यांच्या सरासारखे बुडबुडे धावू लागले. एकेका सांध्यावर घट्ट ग्रीस थापीत ते टाकीकडे सरकले. चौकटीस घासणाऱ्या रबरी नळीच्या टोकावर ग्रीस बसले आणि सर तुटला. रबर वयाने ताठरले होते. उस्ताद हल्लीच्या डिझेललाही बोल लावीत होते, आणि त्यात तथ्य आहे: १ एप्रिल २०२० पासून देशभर जे डिझेल मिळते त्यात गंधकाचे प्रमाण दशलक्षांत दहा भागांहून अधिक नसते. असे शुद्ध केलेले तेल आले की जुन्या तेलात फुगून बसलेली रबरे आकसतात, असा पुष्कळ देशांचा अनुभव आहे.

नवी नळी दोनशे रुपयांच्या आत आली. तांब्याचे जुने वायसर त्यांनी फेकले नाहीत. लाल होईतो तापवून पाण्यात टाकले आणि ते पुन्हा मऊ झाले. पोलाद याच उपायाने कठीण होते, तांबे नरमते. दाजींचा आग्रह, की बुडबुडे रोज पाहता यावेत म्हणून पारदर्शक तुकडा तसाच राहू द्यावा. उस्तादांनी तो काढून खिशात घातला. इंजिनाच्या उष्णतेने ती नळी चार महिन्यांत कडक होते आणि मग तीच हवा घेऊ लागते, असे म्हणाले. त्या दिवशी दुपारनंतर दोन खेपा झाल्या.