किल्ली दारात ठेवू नये

शिरगावच्या जत्रेला निघताना घराची किल्ली कोणी दाराला अडकवून जात नाही. आमचे विद्यार्थी संकेतस्थळ बनवताना मात्र डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्राममध्येच लिहितात आणि तो प्रोग्राम गिटहबवर ठेवतात, हे आम्ही पाहतो. २०१६ साली गिटहबवर सापडलेल्या किल्लीने चोरट्यांनी उबरच्या ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती पळवली. ते भांडार तर खासगी होते!

१९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गोवामुक्तीचे गुप्त रेडिओकेंद्र चालवले. आवाज सर्वांसाठी होता, जागा मोजक्यांनाच ठाऊक होती. प्रोग्रामचेही तसेच आहे. तो खुशाल दाखवा, पण पासवर्ड वेगळ्या डॉट ईएनव्ही फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटमधून वगळा. एकदा बाहेर गेलेला पासवर्ड नुसता पुसून भागत नाही. गिटच्या इतिहासात तो राहतोच, म्हणून तो बदलावाच लागतो. गुणपत्रिका, दाखले सार्वजनिक फोल्डरमध्ये नकोत. ओळख तपासूनच ते मिळावेत.

पालकांनी विश्वासाने दिलेले कागद ही शाळेकडची ठेव आहे. ती जपायला विद्यार्थ्यांनी आतापासूनच शिकावे, एवढीच आमची विनंती.