उदगीरच्या भिंती

भित्तिचित्र, म्हणजे भिंतीच्या पृष्ठभागावरच रंगवलेले चित्र, हे महानगरांचे वैभव मानण्याची सवय २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर भरलेल्या कलाप्रकल्पासारख्या उपक्रमांनी अधिकच दृढ केली असली, तरी उदगीरसारख्या तालुक्याच्या गावात पायी फिरणाऱ्याला भिंत ही फार जुनी पाटी असल्याचे हळूहळू उमगते. १७६० च्या निजाम-मराठा लढाईमुळे इतिहासात नोंदल्या गेलेल्या इथल्या किल्ल्यात अरबी व फारसी शिलालेख आहेत; दख्खनमधील अशा अनेक लेखांत अक्षर खोदले जात नाही, तर भोवतालचा दगड तासून ते उठावात राखले जाते, आणि म्हणूनच तिरप्या उन्हात, सावलीच्या कडेने, ते अधिक ठसठशीत दिसते.

किल्ल्याबाहेरच्या गावात मात्र अक्षर रंगाचे असते. चुन्याचा हात दिलेल्या भिंतीवर रंगात बुडवलेली सुतळी ताणून सोडायची, उमटलेल्या दोन रेषांमध्ये अक्षरांची उंची बसवायची आणि मग कुंचल्याने वळणे भरायची, ही पेंटरची रीत होय. या पेंटरला कोणी चित्रकार म्हणत नाही, हा अन्यायच. छापील फ्लेक्सने त्याचे बरेचसे काम हिरावून घेतले. तरीही एखाद्या जुन्या भिंतीवर नव्या रंगाचा पोपडा सुटतो आणि त्याखालून विडीची, बियाण्याची किंवा कुठल्याशा विस्मृत उमेदवाराची अर्धी ओळ डोकावते.