केपर्टीच्या दरीतील हरवते गाणे

सिडनीपासून सुमारे तीन तासांच्या वाटेवर, ब्लू माउंटन्सपलीकडे केपर्टीची दरी आहे. भोवती वालुकाश्माचे कडे, तळाशी कुरणे आणि उरलीसुरली निलगिरीची झाडे. पक्षिप्रेमी येथे येतात ते रीजंट हनीईटर या काळ्या-पिवळ्या, जाळीदार नक्षीच्या पक्ष्यासाठी. त्याला मकरंद पुरवणारी राने शेतीसाठी तुटली; आता जेमतेम काही शे पक्षी उरले आहेत. पेढीचा हिशेब मुलगा वडीलधाऱ्यांशेजारी बसून शिकतो, तसे पिल्लू गाणे प्रौढ नरांकडून शिकते. तेच विरळ झाले. २०२१ च्या अभ्यासात शंभरातील सुमारे बारा नर केवळ परक्या जातींची गाणी गाताना आढळले. मग मादी जवळ यावी कशी? सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयात पिल्लांना आता स्वजातीचे गाणे ऐकवतात. दरीत स्वयंसेवकांनी झाडे लावली आहेत. बहराचा हंगाम साधला, तरच पाहुण्याला दर्शनाची आशा.