गर्दी म्हणजे बाकीचे

मुंबईचा माणूस गर्दीत जन्मतो, गर्दीत वाढतो, आणि शेवटी पोचवायला बरीच गर्दी जमली तर 'माणूस मोठा होता हो' असं सर्टिफिकेटही मिळवतो. पण 'तुम्ही गर्दी करता' हा आरोप एकाही मुंबईकराने आजवर मान्य केलेला नाही. दादरच्या पुलावर धक्के खात आणि देत चाललेला प्रत्येकजण मनात म्हणत असतो, "काय मेली गर्दी आहे!" गर्दी म्हणजे आपण सोडून बाकीचे, अशी आमच्या शहराची साधी सरळ व्याख्या आहे.

अशा माणसाला मार्च 2020 मध्ये सांगण्यात आलं की, बाबा रे, करोना आलाय, एकमेकांपासून सहा फूट लांब राहा.

सहा फूट! आमच्या परळच्या चाळीत सहा फुटांवर माणूस नसतो, दुसरं बिऱ्हाड असतं. नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. आमच्याही त्याच मापाच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी पाटीवर हिशेब मांडला. अण्णा गिरणीत टाइमकीपर होते. गिरणी गेली, टाइम राहिला. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येकाभोवती तीन फूट त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर माणशी अठ्ठावीस चौरस फूट जागा लागते. म्हणजे एका खोलीत पाच माणसं बसतात. यात कपाट, ओटा आणि मोरी धरलेली नाही. शिवाय कोणी हलायचं नाही. आमच्या शेजारच्या खोलीत सात माणसं होती. उरलेल्या दोघांचं काय करायचं ते अण्णांच्या गणितात बसेना.

त्यातून शब्द आला 'सामाजिक अंतर'. हा शब्द आपण जरा जपून वापरायला हवा होता. सामाजिक अंतर पाळण्यात आपण कधी कमी पडलोय? विहिरीवर, देवळात, पंगतीत ते पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं, आणि त्यासाठी कोणाला चुन्याची वर्तुळं आखावी लागली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा त्याच मार्चमध्ये 'शारीरिक अंतर' म्हणा असं सुचवलं. पण तोवर पहिला शब्द सगळ्यांच्या तोंडात बसला होता.

22 मार्चला रविवार होता. जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाच वाजता आपापल्या दारात, गॅलरीत उभं राहून टाळ्या-थाळ्या वाजवायच्या होत्या. पाच वाजेपर्यंत चाळ अगदी शहाण्यासारखी वागली. मग थाळ्या सुरू झाल्या. गॅलरीतून आपण वाजवतोय हे खालच्यांना नीट दिसेना म्हणून काही मंडळी खाली उतरली. त्यांचं नीट ऐकू येईना म्हणून बाकीची उतरली. सकाळपासून साखळी तोडायला घरात बसलेली माणसं संध्याकाळी चौकात साखळी धरून नाचली. अण्णा गॅलरीतून ओरडत होते, "अरे वर या! वर या रे!" पोरांना वाटलं, अण्णांना चेव आलाय. त्यांनी आणखी जोरात वाजवलं.

पुढे वाण्याच्या दुकानासमोर खडूची वर्तुळं आली. वर्तुळांनी मुंबईकराला चटकन जिंकलं, कारण नंबर लावणं हे त्याच्या रक्तात आहे. पहिल्या दिवशी वर्तुळात माणसं उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ऊन वाढल्यावर वर्तुळात पिशव्या उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी चपला. चपला आणि पिशव्यांनी सहा फुटांचं अंतर इतकं काटेकोर पाळलं, की त्यांच्यातली एकही आजारी पडली नसेल. त्यांचे मालक मात्र पिंपळाच्या सावलीत खांद्याला खांदा लावून 'लोक नियम पाळत नाहीत' या विषयावर बोलत होते.

हा विषय तेव्हा घरोघर होता. शिवाजी पार्कच्या ब्लॉकमधून मावशीचा फोन यायचा, "काय रे, तुमच्या परळला कोणी ऐकत नाही म्हणे!" मावशीकडे माणसं दोन आणि खोल्या चार. ती आणि काका एकमेकांपासून वीस फुटांवर सहज राहू शकत होते; म्हणजे करोनाच्या आधीपासूनच राहत होते. आमचे गिरगावचे भावजी मावशीच्या दादरवर घसरत, "त्या भाजीबाजारात बघा, जत्रा भरलीय." परळच्या आमच्या जिन्यात गिरगावच्या गल्ल्यांचा उद्धार होई. आणि 4 मे रोजी दारूची दुकानं उघडली तेव्हा त्या रांगांकडे बोट दाखवून सगळ्यांचं एकमत झालं. मुंबईत ती दुकानं लगेच पुन्हा बंद झाली आणि एकमतही संपलं. एकूण काय, बोट दाखवताना हात पुरेसा लांब होतो. तेवढं एक अंतर सगळ्यांनी पाळलं.

गिरणगावाला साथ काही नवीन नाही. 1896 मध्ये मांडवीला प्लेग निघाला आणि शहर भरभरून गावाकडे पळालं. उरलेल्यांना सरकार दवाखान्यात नेऊ लागलं, आणि नेलेला माणूस परत येत नाही अशी हूल उठली. त्याच ऑक्टोबरात गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. 10 जानेवारी 1897 ला डॉक्टर हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आज परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. लांबून हुकूम सोडणाऱ्यावर लोक दगड घेऊन जातात; आपल्याबरोबर सुई टोचून घेणाऱ्याचं निदान ऐकून तरी घेतात.

अण्णांचं कोणी ऐकत नव्हतं ते म्हणूनच असेल. ते दुसऱ्या मजल्यावरून ओरडत. "मास्क नाकावर घे! हनुवटीला झालाय का करोना?" पोरं मास्क वर घेत, जिना संपला की खाली करत.

जूनमध्ये अण्णांनाच ताप आला. कुठून आला, देव जाणे. अँब्युलन्स आली. अंगभर पांढरे कपडे घातलेले दोघे वर गेले आणि अण्णा त्यांच्यामधून स्वतःच्या पायांनी उतरले. गॅलऱ्या भरल्या होत्या, पण कोणी बोललं नाही. खालच्या मजल्यावर एकजण "बघा, झाला ना शेवटी त्यांनाच!" असं पुटपुटला. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

काकू घरात एकट्या राहिल्या. दाराला पालिकेची नोटीस लागली. संध्याकाळी पाहिलं तर तीच पोरं, अण्णांच्या शिव्या खाणारी, डबा घेऊन वर चढत होती. उंबऱ्याशी डबा ठेवायचा, कडी वाजवायची आणि मागे सरकायचं. किती मागे, ते कळावं म्हणून त्यांनी पट्टीने मोजून खडूची रेघ मारली होती. सहा फूट. रेघेपलीकडून ओरडायचं, "काकू, आज उसळ आहे. अण्णांचा फोन आला का?" चौदा दिवसांत त्या रेघेवर कोणाचा पाय पडला नाही, आणि तिथे ओरडायला कोणी उभं नव्हतं.

पंधराव्या दिवशी अण्णा परतले. चाळ थाळ्या घेऊन खाली जमली. अँब्युलन्समधून उतरता उतरता अण्णा धापा टाकत म्हणाले, "लांब उभे राहा, गाढवांनो!" आणि काय आश्चर्य, सगळे लांब झाले.

समोरच्या चाळीतले मास्तर मात्र परतले नाहीत. आमच्याकडे कोणी गेलं की जिने भरतात. नियमाने वीस माणसांना परवानगी होती. मास्तरांना पोचवायला चार गेली. दोन्ही चाळी आपापल्या दारात उभ्या राहिल्या. शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या कित्येक पिढ्या अंगावर घेतलेला माणूस, आणि त्याच्यासाठी आम्हाला गर्दी करता आली नाही. नियम सगळ्यांनी पाळला त्या दिवशी. त्याचं कोणी कौतुक केलं नाही.

त्या वर्षी 1934 पासून बसणारा लालबागचा राजाही बसला नाही. मंडळाने रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलं. वर्षानुवर्षं रांगेला नावं ठेवणारी आमची आळी त्या दहा दिवसांत रिकामा रस्ता बघून कासावीस झाली.

2022 चा गणेशोत्सव निर्बंधांशिवाय झाला. रात्री दोन वाजता रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. काकू मागे उभ्या, शेजारची सातही माणसं कठड्याशी, मी आणि आणखी दहाबारा जण त्यांच्या खांद्यांवरून वाकून बघत होतो.

"काय ही गर्दी!" अण्णा म्हणाले. "लोकांना काही म्हणजे काही कळत नाही." आणि खालचं नीट दिसावं म्हणून त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.