आंबट आणि आंबलेलं

"आंबलं" हा शब्द आमच्या घरात उच्चारला गेला, की पाठोपाठ "टाकून दे" हे येतंच. उलट "आंबट" म्हटलं, की कुणाच्या तरी तोंडाला पाणी सुटतं. शब्द सख्खे भाऊ. पण एकाची रवानगी मोरीत आणि दुसऱ्याला पानात डावीकडे मानाची जागा. या दोघांमधली रेघ नेमकी कुठे ओढायची, हे ठरवायची पाळी यंदा आषाढात माझ्यावर आली. गटारी आठ दिवसांवर होती, पण तिचा याच्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण निवाडा करायचा होता तो बिअरचा.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा रसायनशास्त्राचा एम. एस्सी. औषधांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत, चांगली कायम नोकरी. चार वर्षांपूर्वी त्यानं ती सोडली आणि बिअर तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात लागला. असे कारखाने आता आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाहीत. पुण्यात २००९ साली 'डूलाली'नं सुरुवात केली, मग मुंबईत लोअर परळ, अंधेरी असं हे लोण पसरत गेलं. पण बहिणीच्या यजमानांच्या लेखी सगळं एकच: "पोरगा दारू गाळतो." पोरगा म्हणतो, "गाळत नाही बाबा, आंबवतो. गाळायला भट्टी लागते." हा खुलासा रसायनशास्त्राच्या दृष्टीनं बिनचूक असला, तरी त्यानं बापाचं समाधान व्हायचं कसं?

आणि त्या गृहस्थांना हसू नये. १९५० साली मुंबईत संपूर्ण दारूबंदी आली, तेव्हा दारू गेली नाही. ती नवसागर घालून खाडीकाठच्या खोपटांतून येऊ लागली. त्यांचे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी त्यांची आई फाटकाशी उभी राहायची. गिरणीला दोन फाटकं होती, हे तिचं दुर्दैव. लहानपणी ज्यानं हे पाहिलं, त्याला हातभट्टी आणि बिअर यांतला फरक टक्क्यांच्या भाषेत काय सांगायचा? चार वर्षं बाप-लेक एका घरात राहून जेवणापुरतं बोलतात.

तर बहिणीचा फोन आला. "ताई, तो तुझ्याकडे बाटल्या घेऊन येणार आहे. तू चाखून बघ आणि मला खरं सांग. तो करतोय त्यात काही विद्या आहे, की नुसताच नाद?"

मलाच का, तर त्याचं कारण लोणचं. वाकोल्यात आमच्या सोसायटीत कुणाच्या लोणच्यावर बुरा आला, कुणाच्या डोशाचं पीठ फुगेना, की बरणी नाहीतर पातेलं माझ्या ओट्यावर येतं. मी वास घेते आणि सांगते. एवढंच काय ते शिक्षण.

ठरल्या दिवशी स्वारी आली. तीन बाटल्या, तीन पेले, आणि माझ्या नावाचा एक दिवसाचा परवाना. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जागा आहे आणि पिणाऱ्याला परवाना लागतो, हे मला तेव्हा कळलं. सहासष्ट वर्षांत मी पासपोर्ट काढला नाही, पण हे काढून झालं. आमचे हे वर्तमानपत्रामागे बसून सगळं ऐकत होते. चौथा पेला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसलं.

बाटल्या फ्रिजमधून काढून तो पंधरा मिनिटं नुसता बसून राहिला. "गार असताना वास येत नाही, मावशी." मला पटलं. फ्रिजमधल्या हापूसला तरी कुठे वास असतो?

तेवढ्या वेळात त्यानं मला बेल्जम सांगितलं.

नेहमीची बिअर म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचं गोड पाणी, हॉप नावाच्या कडू फुलांबरोबर उकळलेलं, आणि त्यात घातलेलं निवडक यीस्ट. असं एकाच जातीचं शुद्ध यीस्ट वेगळं काढायची युक्ती १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हॅन्सन या शास्त्रज्ञानं शोधली, आणि जगभरची बिअर स्वच्छ, बिनचूक आणि एकसारखी झाली. पण ब्रसेल्सच्या आसपास सेन नदीच्या खोऱ्यात काही लोक हटून बसले. ते यीस्ट घालतच नाहीत. जवात एक तृतीयांशाच्या आसपास कच्चा गहू, आणि हॉप मुद्दाम जुने, कडवटपणा उतरलेले. हे सगळं उकळून माळ्यावरच्या रुंद, उथळ, परातीसारख्या हौदात ओततात, झरोके उघडे टाकतात आणि झोपायला जातात. रात्रभर हवेतून जे उतरेल ते उतरेल. सकाळी रस लाकडी पिंपांत भरतात आणि वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं तिकडे ढुंकून बघत नाहीत. हिचं नाव लँबिक. ही आंबट असते, आणि आंबट असते म्हणूनच तिला मोल आहे.

ही सेन नदी म्हणजे, त्याच्या वर्णनावरून, आमच्या वाकोला नाल्याच्या गोतातली. इतकी घाण, की १८६७ ते १८७१ या काळात ब्रसेल्सकरांनी तिच्यावर कमानी घालून तिला शहराखाली गाडून टाकली. आमचा नाला उघडा आहे आणि मिठीला जाऊन मिळतो. पण आमच्या माळ्यावर लँबिक व्हायची नाही, कारण तिला थंड रात्री लागतात. तिकडेसुद्धा हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिलपर्यंतच चालतं. सांताक्रूझच्या वेधशाळेत १९६२ च्या जानेवारीत पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तेवढी एक रात्र साधली असती. तेव्हा मी पाळण्यातून नुकतीच खाली उतरलेली.

"हवेतून आपोआप आंबणं," मी त्याला म्हटलं, "हे तू मला काय सांगतोस?"

आमच्या लहानपणी वाकोल्याला भातशेती होती, सेंट अँथनीच्या देवळाच्या बाजूला ईस्ट इंडियन लोकांची कौलारू घरं होती आणि माड होते. भंडारी माडावर चढून पोयीचं टोक कापायचा आणि तिला मडकं बांधायचा. मडक्याला आतून चुना लावला, तर पहाटे उतरते ती नीरा, गोड आणि सात्त्विक. तीच पुढे सरकारमान्य होऊन स्टेशनावर विकली गेली. चुना लावला नाही, तर तिची माडी. सकाळी गोड, दुपारी फसफसलेली, संध्याकाळी आंबट, आणि दुसऱ्या दिवशी शिरका. त्यात कुणी काही घालत नसे. काय असेल ते हवेत आणि त्या जुन्या मडक्यात. आमच्या शेजारणीच्या घरी लग्नाच्या फुग्यांचं पीठ याच माडीनं फुगायचं, आणि माडी किती वाजताची आहे हे ती बोट बुडवून सांगायची. दारूबंदीत माडीही गुन्हा ठरली, मग माड गेले, मग शेतं गेली, आणि फुग्यांत बाजारचं यीस्ट पडू लागलं. बेल्जमच्या बिअरची संस्कृती २०१६ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. आमच्या शेजारणीचं ते बोट कुठल्याही यादीत नाही. मला त्यांचा हेवा नाही वाटत. पण त्यांनी आपलं आंबलेलं टाकून दिलं नाही आणि आपण दिलं, एवढं मात्र खरं.

आता पेले.

पहिला गुलाबी. ही झटपटची. जवाचं गोड पाणी कोमट ठेवून त्यात दह्यातल्या जातीचे जंतू सोडायचे, दिवस-दोन दिवसांत ते आंबतं, मग उकळून जंतू मारायचे आणि पुढे नेहमीची बिअर करायची. वर कोकमाचा रस. मी म्हटलं, "म्हणजे विरजण लावून दही केलंस आणि त्याची कढी केलीस." तो म्हणाला, "चार वर्षांत हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नाही." चव छान होती. जिभेच्या कडांना झणकन लागली, तोंड स्वच्छ झालं, आणि संपली. मागे काही राहिलं नाही. आमटीत आयत्या वेळी लिंबू पिळलं की कसं होतं, तसं: आंबट वरचेवर तरंगतं, आमटी आपली खाली. वाईट नव्हे, पण दुसऱ्या घोटाचं कुतूहल वाटेना.

दुसरा पेला नाकाशी नेला मात्र, आणि मी मान मागे घेतली. नाकात चुणचुण. हा दह्याचा आंबटपणा नव्हे, शिरक्याचा. आपल्या भाषेत दोघांना एकच शब्द आहे, पण स्वयंपाकघरात त्यांची गल्लत होत नाही. चिंचेचा आंबटपणा दाट आणि दमदार, लिंबाचा चपळ, आमसुलाचा थंड आणि किंचित तुरट, दह्याचा जिभेवर पसरणारा, आणि शिरक्याचा जिभेआधी नाकाला भिडणारा. भाचा म्हणाला, ही सगळी आम्लंच वेगवेगळी आहेत: टार्टारिक, सायट्रिक, लॅक्टिक, ॲसेटिक. असतील. "या पिंपात हवा शिरली आहे," मी म्हटलं. तो गप्प झाला. नाशिकहून आणलेली वाइनची दोन जुनी पिंपं होती, चौदा महिने भरून ठेवलेली, आणि पहिल्याची एक फळी झिरपत होती. शिरक्याच्या जंतूंना हवा लागते, आणि त्यांची ने-आण करतात चिलटं. ब्रसेल्समध्ये कँतियों नावाचा १९०० सालापासूनचा एक कारखाना आहे. तिथे कोळ्याची जाळी झाडत नाहीत, कारण कोळी चिलटं खातात. माझ्या सासूबाई हे ऐकायला हव्या होत्या.

तिसरा पेला मी बराच वेळ हातात धरला. रंग गढूळ सोनेरी. वास प्रथम ओल्या गवताचा, मग चामड्याचा, आणि मग चौपाटीवरच्या व्हिक्टोरियात बसलं की यायचा तो, घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा. माझ्या शेजारणीनं हा वास घेऊन सरळ मोरी दाखवली असती. पण भाच्याचे डोळे चमकले. हेच म्हणे ब्रेटॅनोमायसिस. याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी १९०४ साली इंग्लिश बिअरमध्ये शोधून काढलेलं रानटी यीस्ट. बाकीच्यांनी टाकलेलं उष्टं-माष्टं ते महिनोन् महिने खात राहतं आणि हा वास देतं. घोट घेतला. आंबट आलं ते सावकाश, मागून लाकडाचा तुरटपणा, आवळा खाल्ल्यासारखा, आणि गिळल्यावरही चव थांबून राहिली. मध्ये मात्र एक पोकळी होती. लोणच्याची फोड वरून मऊ लागते, पण आत खार पोचलेला नसतो, तशी.

"मुरली नाही अजून," मी म्हटलं. "एक पावसाळा राहू दे."

"मालक थांबायचे नाहीत. दिवाळीला काहीतरी आंबट बाजारात हवंय. गुलाबीच काढू म्हणतात."

मी उठून चमचा आणला. तिसऱ्या पेल्यातले दोन चमचे, गुलाबीतले सहा, एका वाटीत. फार काही विचार केला नव्हता. नव्या चिंचेच्या कोळात थोडी जुनी काळी चिंच मी नेहमी घालते, तेवढंच. चाखली. पोरीसारखी उड्या मारणारी ती गुलाबी एकदम घरंदाज झाली. घोंगडीचा वास मागे सरला, तुरटपणानं कोकमाला आधार दिला, आणि गिळल्यावर चव राहिली.

त्यानं चाखली, आणि हसतच सुटला. बेल्जममध्ये रूझलारे गावी रोडेनबाख म्हणून १८२१ सालापासूनचा कारखाना आहे; त्यांची नेहमीची बिअर तीन भाग नवी आणि एक भाग दोन वर्षं उंच लाकडी पिंपांत मुरलेली, अशी मिसळलेली असते. लँबिकवालेही तरुण आणि म्हातारी एकत्र करतात, तिला ग्यूझ म्हणतात. आणि स्वतः काही न उकळता दुसऱ्यांचा रस आणून पिंपांत मुरवून मिसळणं, हाच तिथे काहींचा पिढीजात धंदा आहे. त्यानं वहीत तीनास एक असं लिहून घेतलं. वाटीतली उरलेली आमच्या ह्यांनी, वाटी धुवायला नेतो असं सांगून, संपवली.

रात्री बहिणीला फोन केला. म्हटलं, "विद्या आहे. त्याला नाक आहे, आणि चुकलेलं पिंप त्यानं मला लपवून दाखवलं नाही." मागून तिच्या यजमानांचा आवाज आला, "नशेचं काय म्हणाल्या ताई?" मी म्हटलं, सांग त्यांना, पाच टक्के आहे, म्हणजे आहेच. मला चव विचारली होती, ती मी सांगितली. दुसरं विचारलं असतं, तर त्यांच्या आईला विचारा म्हटलं असतं. यावर ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी जेवताना त्यांनी पोराला विचारलं म्हणे, की पिंपाची फळी झिरपायला लागली तर तुम्ही आत काय भरता. गिरणीत लाकडी हौद असत, त्यांना वडील काय लावत ते त्यांना आठवत होतं.

तीनास एकची बिअर दिवाळीला निघते आहे. दुसरं पिंप थोडं काढून घेऊन पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंद. पहिल्याचा आता रीतसर शिरकाच करायचा ठरला आहे. त्यातल्या दोन बाटल्या मी सांगून ठेवल्या आहेत: एक मला कांद्यासाठी आणि एक शेजारणीच्या सुनेला, नाताळच्या विंदालूला.